कोरडं वजन

मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे साडेपाचला
फिलाडेल्फियातल्या लीहाय अव्हेन्यूवर
आधी आमची वजनं होतात, मग सुया, मग वाद.
डायलिसिसचे चार तास काढायचे तरी कसे?

खुर्ची तीन, ओडेल मॅब्री, जुना पोस्टमन:
"अकरा अंगठ्या. बोटं दहा. विषय संपला."
खुर्ची चार, ल्यूशस पेटवे:
"अंगठ्या संघाला मिळतात.
एका रात्रीत शंभर गुण कुणी केले, ते बोल."
"त्या काळी समोर होतं कोण? वासरांत लंगडी गाय."
"लंगडी गाय सात फूट एक इंच नसते, ओडेल."

मी पाचव्या खुर्चीत.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
तेव्हा मागची भांडणं आरशातून बघायची सवय आहे.
अक्षर बरं, म्हणून यादी माझ्याकडे:
चायनीज हॉटेलच्या मेनूची कोरी पाठ,
आणि पेन्सिल. शाईवर इथे कुणाचा विश्वास नाही.

"आणि तो हूक टाकणारा?" ओडेल म्हणतो.
"हात असा जायचा वर,
जसा घरचे झोपलेले असताना
आपण फळीवरचा बिस्किटांचा डबा काढतो..."
आणि दाखवायला म्हणून हात वर नेतो, तोही सुईचा.
मशीन किंचाळतं.
यारित्झा धावत येते, मास्तरणीसारखी:
"कोण हललं?"
दोघंही छताकडे बघतात.
पुढचा हूक डाव्या हातानं.

सहाव्या खुर्चीतला तारिक, सव्वीस वर्षांचा,
कानातलं काढून म्हणतो, "तुमचे सगळे खांब होते, खांब.
आताचा उंच माणूस लांबून टाकतो,
पाठीमागे न बघता पास देतो."
"आणि उडी?" ल्यूशस विचारतो.
"उडी कशाला मारायची?"
यावर दोन म्हातारे पहिल्यांदाच एका बाजूला.

कोपऱ्यात वेंडेल ग्रब्ज.
सहा फूट अकरा. पायाखाली जोडून ठेवलेलं स्टूल,
त्याच्याही पुढे गेलेले मोजे.
कधीकाळी बसनं गावोगाव फिरणाऱ्या लीगमध्ये
दीड सीझन खेळला, असं यारित्झाकडून कळलेलं.
दोन वर्षांत त्याने टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं,
बाकी काही नाही.

आज बोलला.
"रॉस्को टिलरी."
"कोण?"
"सरावात मला त्याच्याशी भिडवायचे.
कमरेचं हाड मांडीत असं रुतवायचा,
की चार महिने मी त्या कुशीवर झोपलो नाही.
वरच्या लीगनं बोलावलंच नाही त्याला.
ट्रेंटनला गालिचे बसवत होता, शेवटचं ऐकलं तेव्हा."

मशीनं घरघरत राहिली.
"पासंगालाही पुरणार नाही तुझा टिलरी,"
ओडेल म्हणाला, पण हळू.
"नसेल पुरत," वेंडेल म्हणाला.
"तुमचे तुम्ही टीव्हीवर पाहिलेत.
मला त्याचं वजन माहीत आहे."
आणि ब्लँकेट गुडघ्यांवरून ओढलं,
तर पावलं उघडी पडली.

दहा वाजता पुन्हा काटा.
आत आलेलं पाणी गेलं की उरतं ते कोरडं वजन,
यारित्झा मोठ्यानं वाचते:
ओडेल, दोन किलो सहाशे कमी.
ल्यूशस, तीन किलो. "काल सूप प्यायलात ना?"
वेंडेल काट्यावर उभा राहतो,
एक हात भिंतीला. "भिंत सोडा," ती म्हणते.
तो सोडतो. आकडा थरथरतो. सगळे थांबतात.

यादीत पहिला क्रमांक इतक्यांदा खोडला
की तिथे भोक पडलंय,
पलीकडच्या चिकन लो मेनची किंमत गेली.
मी समासात, आकडा न घालता,
टिलरी लिहिलं. स्पेलिंग विचारायचं राहिलं.

बाहेर बर्फाचा चिखल. व्हॅन उभी.
वेंडेलला आत शिरायला दोनदा वाकावं लागतं,
एकदा कमरेत, एकदा मानेत.
माझ्या हातातला कागद ओडेलनं पाहिलाच.
काही बोलला नाही, कोपऱ्यापर्यंत चालत गेला,
मग वळून, टोपी कानांवरून वर करत,
सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला:
"सातवा! सातव्याच्या वर नाही!"